वालचंदनगरची वाट आणि बाळंतिणीचे मन

वाचकहो, बारामतीच्या स्थानकावर वालचंदनगरची एसटी लागली की खिडकीजवळची जागा धरून बसावे. काटेवाडी मागे पडते, भवानीनगरच्या साखर कारखान्याची चिमणी दिसते, मग सणसर, बेलवाडी, लासुर्णे अशी गावे एकामागून एक येतात. ही तुकोबारायांच्या पालखीची वाट. आषाढात काटेवाडीला मेंढ्यांचे रिंगण होते, बेलवाडीला गोल रिंगण होते आणि सगळा रस्ता टाळमृदंगाने भरून जातो. एरवी दोन्ही बाजूंना ऊस, मधूनच केळी, द्राक्षाचा मांडव, एखाद्या वस्तीपुढे गोठा आणि दुधाच्या किटल्या. जंक्शनला गाडी वळली की वालचंदनगर आलेच म्हणून समजा.

जंक्शन हे नाव ऐकून नवख्या माणसाला रेल्वेचे मोठे स्थानक असेल असे वाटते. तसे काही नाही. तिठा आहे, चहाच्या टपऱ्या आहेत, ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरांची ये-जा आहे.

मी या वाटेने अनेकदा गेले आहे. पण या खेपेला पिशवीत डिंकाचे लाडू होते आणि मनात एक ओझे होते. ते ओझे कशाचे, ते तुम्हाला सांगायचे आहे. कारण तसे ओझे तुमच्याही घरात कुठेतरी दडलेले असेल.

माळरानाचे नगर

आधी गावाविषयी थोडे सांगते. इंदापूर तालुक्याचा हा भाग पूर्वी दुष्काळाचा. १८७६-७७ च्या मोठ्या दुष्काळानंतर नीरा डावा कालवा निघाला आणि बारामती-इंदापूरच्या रानात पाणी खेळू लागले. पुढे सोलापूरला जन्मलेले उद्योजक वालचंद हिराचंद (१८८२-१९५३) यांनी कळंबजवळच्या माळावर शेती करायला घेतली. दगडगोटे वेचले, जमिनी सपाट केल्या, ऊस लावला आणि १९३० च्या दशकात तिथे साखर कारखाना उभा केला. कारखान्याभोवती कामगारांच्या चाळी, शाळा, देवळे, दवाखाना, बाजार असे अख्खे गाव वसले आणि त्याला त्यांचेच नाव पडले. दक्षिणेला नीरा नदी वाहते. पलीकडचा काठ सोलापूर जिल्ह्याचा.

आज हे नाव साखरेपेक्षा यंत्रांमुळे जास्त माहीत आहे. साखर कारखान्यांची आणि सिमेंट कारखान्यांची यंत्रे इथे झाली. अणुवीज केंद्रांसाठी लागणारे भाग झाले. इस्रोच्या अग्निबाणांचे भलेमोठे लोखंडी भागही इथेच घडले. ज्या माळावर एके काळी कुसळे उगवत होती, तिथला माणूस आकाशात जाणाऱ्या वस्तूचा जोड सांधतो. अशा जोडाची तपासणी बारकाईने होते म्हणे. नुसत्या डोळ्यांनी पाहून भागत नाही, आत कुठे केसाएवढी चीर राहिली आहे का ते पाहावे लागते.

हे मला माझ्या जावईबापूंनी सांगितले. माझ्या धाकट्या बहिणीची लेक कळंबच्या बाजूला एका वस्तीवर दिली आहे. घरी चार एकर ऊस आहे आणि जावई कारखान्यात जातात. तिला आठवा महिना लागला होता. पहिलटकरीण. तिला बाळंतपणासाठी माहेरी न्यायचे म्हणून मी निघाले होते. खरे तर आणायला तिची आईच जायची. पण बहीण म्हणाली, “अक्का, तूच जा. आणि पोरीला ते सांग. मला सांगवत नाही.”

‘ते’ काय होते?

पंचवीस वर्षांपूर्वी हीच भाची जन्मली तेव्हा माझी बहीण आमच्या माहेरी बाळंत झाली. बाळ गोरेगोमटे, वजनही चांगले. पण मुलगी झाली म्हणून सासरचे दोन दिवसांत येऊन गेले ते बारशालाच परत आले. बहीण आधी रडायची. मग रडायचीही थांबली. बाळ झोपले तरी ही टक्क जागी. ताटातले अन्न चिवडायची. आई शेगडी पेटवायची, शेक द्यायची, धुरी द्यायची, बाळंतकाढा करायची. जे करायला हवे ते सगळे चालले होते. तरी बहीण दिवसेंदिवस वाळत गेली. बाळाला पाजायला घ्यायची आणि भिंतीकडे पाहत बसायची.

एकदा मला म्हणाली, “अक्का, मला विहिरीची भीती वाटते.” मी म्हटले, “मग जाऊ नकोस तिकडे.” वाचकहो, माझे हे उत्तर मला आजही झोपू देत नाही. ती काय सांगत होती ते मला कळलेच नाही. कुणी म्हणाले बाहेरचे आहे, कुणी म्हणाले सटवाईची पूजा नीट झाली नाही. अंगारे झाले, उतारे झाले. दवाखान्यात नेले तेव्हा रक्त कमी आहे म्हणून गोळ्या मिळाल्या. बाळाला टोचले, बाळाचे वजन केले. बहिणीला “तुला कसं वाटतं?” असे कुणी विचारले नाही. मीही विचारले नाही.

नशीब बलवत्तर म्हणून ती वाचली. पण पुरती सावरायला दीड वर्ष गेले आणि त्या दीड वर्षाबद्दल घरात पुन्हा कुणी चकार शब्द काढला नाही.

हा आजार आहे

आता आपल्याला माहीत आहे की हा आजार आहे. बाळंतपणाच्या आधी किंवा नंतर येणारे नैराश्य. त्यात बाईचा दोष नाही, तिच्या आईच्या वळणाचा दोष नाही आणि बाहेरचेही काही नाही.

यात तीन गोष्टी वेगळ्या ओळखाव्या लागतात. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी अनेक बायकांना उगाच रडू येते, चिडचिड होते. हे निम्म्याहून अधिक बाळंतिणींना होते आणि विश्रांतीने, मायेने साधारण दोन आठवड्यांत आपोआप ओसरते. दुसरे नैराश्य. उदासी दोन आठवडे झाले तरी हटत नाही. कशातच जीव रमत नाही, बाळ झोपले तरी झोप येत नाही, मी वाईट आई आहे असे सतत वाटते, जेवण जात नाही, जगणे नको होते. आपल्याकडच्या बायका ‘मला नैराश्य आले’ असे म्हणत नाहीत. त्या म्हणतात, “डोकं जड झालंय, हातपाय गळून गेलेत, काळीज धडधडतं, करमत नाही.” तिसरा प्रकार विरळा, हजारात एक-दोन बायकांना होणारा, पण फार गंभीर. पहिल्या पंधरवड्यातच बाई अजिबात झोपत नाही, असंबद्ध बोलते, नको तो संशय घेते, कानात आवाज येतात म्हणते. अशा वेळी सकाळची वाट पाहू नये. त्याच घटकेला दवाखाना गाठावा आणि आई व बाळ दोघांजवळही कुणीतरी सतत असावे.

हे किती बायकांना होते? २०१७ साली भारतातल्या ३८ अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला गेला. त्यात बाळंतपणानंतर शंभरात २२ बायकांना नैराश्याची लक्षणे दिसली. म्हणजे पाच बाळंतिणींत एक. तुमच्या आळीत या वर्षी किती पाळणे हलले ते मोजा, म्हणजे हिशेब कळेल.

गोव्याने काय शिकवले

आपल्या शेजारी गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा नेमका अभ्यास केला. तो २००२ साली प्रसिद्ध झाला. एका जिल्हा रुग्णालयात आलेल्या २७० गरोदर बायकांची त्यांनी आधी भेट घेतली आणि बाळंतपणानंतर पुन्हा घेतली. सहा ते आठ आठवड्यांनी शंभरात २३ आयांना नैराश्य होते. त्यातल्या निम्म्याहून अधिक सहा महिन्यांनीही बऱ्या झालेल्या नव्हत्या. मोठी गोष्ट पुढे आहे. या आजारी आयांपैकी शंभरात ७८ जणींचे मन गरोदरपणातच त्रासलेले होते. म्हणजे खूण आधीच दिसत होती. तेव्हा कुणी पाहिले असते तर पुढचे बरेच टळले असते.

कारणे कोणती निघाली? पैशाची ओढाताण, नवराबायकोत बेबनाव, मारहाण, पोटाला पुरेसे नसणे आणि मुलगी होणे. मुलगी होणे हे कारण वाचून मी पान मिटले. पोरीत काय कमी असते? कमी असते ती भोवतीच्या तोंडांवर. आणि याच अभ्यासाच्या पुढच्या भागात दिसले की आई अशी आजारी राहिली तर बाळाचे वजन आणि बुद्धीची वाढही मागे पडते. म्हणजे बाळाला जपायचे तर आईचे मन जपले पाहिजे.

मग उपाय कोण करणार? गावोगावी मनाचे डॉक्टर कुठून आणायचे? याचे उत्तर खेड्यांनीच दिले आहे. पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांत आपल्या आशाताईंसारख्याच आरोग्यसेविका आहेत. तिथे डॉ. अतिफ रहमान यांनी त्यांना दोन दिवस शिकवले, चार महिन्यांनी एक दिवस उजळणी घेतली आणि दर महिन्याला अर्धा दिवस एकत्र बसवून अडचणी सोडवल्या. एवढेच. नैराश्य असलेल्या गरोदर बायकांच्या घरी जाऊन त्यांनी बोलायचे, ऐकायचे, आईचा आहार, बाळाशी खेळणे, घरच्यांची मदत यांवर छोटी छोटी पावले ठरवायची. २००८ साली निकाल आला. बाळ सहा महिन्यांचे झाले तेव्हा अशा भेटी मिळालेल्या आयांत शंभरात २३ जणींना नैराश्य उरले होते. साध्या भेटी मिळालेल्यांत ते शंभरात ५३ जणींना होते. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने हीच पद्धत पुस्तकरूपाने जगापुढे ठेवली. गोव्यात ‘संगात’ या संस्थेने तर स्वतः आई असलेल्या साध्या बायकांना शिकवून हे काम करून पाहिले. फरक डोंगराएवढा नव्हता, पण होता.

आणि महाराष्ट्राला हे नवे का वाटावे? गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांना शिकवून नवजात बाळांचे मृत्यू कमी करून दाखवले आणि १९९९ साली ते जगापुढे मांडले. त्याच धर्तीवर आज आशाताई बाळंतिणीच्या घरी येतात. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. सहा वेळा सरकारची बाई आपल्या उंबऱ्याच्या आत येते. सहा वेळा विचारायची संधी!

वस्तीवरची दुपार

मी वस्तीवर पोचले तेव्हा योगायोगाने आशाताई अंगणातच बसल्या होत्या. भाचीचे कार्ड पाहणे चालले होते. वजन, रक्तदाब, रक्ताचे प्रमाण, धनुर्वाताचे इंजेक्शन. सगळे बरोबर होते. विहीणबाईंनी चहा टाकला. मी आशाताईंना बाजूला घेऊन हळूच विचारले, “ताई, पोरीच्या मनाचं काय विचारता का?”

त्या क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “काकू, विचारावंसं वाटतं. पण सासू शेजारी बसलेली असते. तिच्यासमोर कोण काय बोलणार? आणि समजा बोलली, रडली, तर पुढं मी काय करायचं? नुसतं विचारून सोडून देणं बरं दिसत नाही.”

वाचकहो, या दोन वाक्यांत सगळे शिक्षण आले. आपण ऊस पिवळा पडला तर जाणकाराला बोलावतो. पान उलटून पाहायला कुणीतरी शिकवलेले असते म्हणून त्याला रोग ओळखता येतो, आणि औषध कुठे मिळते ते ठाऊक असते म्हणून तो सांगू शकतो. परिचारिका, दवाखान्यातली सिस्टर, आशाताई, अजून कुठे कुठे असलेली जुनी सुईण, या साऱ्यांना असेच शिकवले पाहिजे. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या योजनेत मानसिक आजारांची तपासणी धरलेली आहे. पण योजनेतली गोष्ट अंगणात उतरायला हवी.

शिकवायचे काय? पहिले, एकटीला गाठायचे. बाळाचे वजन करायला आतल्या खोलीत जावे आणि सासूबाईंना पाणी तापवायला सांगावे. दुसरे, दोन साधे प्रश्न विचारायचे. गेल्या पंधरा दिवसांत मन सारखे उदास, निराश असते का? आणि आधी ज्यात जीव रमायचा त्यात आता रमतो का? १९८७ साली स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरात डॉक्टर आणि परिचारिकांनी मिळून दहा प्रश्नांची एक यादीही तयार केली. ती आज जगभर वापरतात. तिचा शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. असे विचारले तर नको ते डोक्यात भरेल, ही भीती खोटी आहे. विचारल्याने बाईचे ओझे उतरते. माझ्या बहिणीने विहिरीचे नाव काढले तेव्हा मी तिचा हात धरून विचारायला हवे होते.

तिसरे, ऐकायचे. “इतक्या बायका बाळंत होतात, तुझंच काय नवल?” असे कधी म्हणायचे नाही. एडिंबराच्या त्याच मंडळींनी साध्या परिचारिकांना ऐकायला शिकवले आणि त्यांनी आठवड्याला एकदा अशा आठ भेटी दिल्या. ज्यांना भेटी मिळाल्या त्या २६ बायकांपैकी १८ सावरल्या आणि ज्यांना मिळाल्या नाहीत त्या २४ पैकी ९ सावरल्या. चौथे, पुढे कुठे पाठवायचे ते माहीत असायचे. बारामतीला २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू आहे आणि अशा महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. जिल्ह्याच्या पातळीवर मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे. आणि घरबसल्या १४४१६ हा टेलिमानसचा फुकट क्रमांक आहे. तो ऑक्टोबर २०२२ पासून रात्रंदिवस चालू असतो. औषध लागलेच तर अंगावर पाजतानाही चालणारी औषधे आहेत. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत आणि आपल्या मनाने बंद करू नयेत. आणि रुग्णालयात राहायची वेळ आली तरी २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे तीन वर्षांखालचे मूल सहसा आईपासून तोडायचे नसते.

दोन गावांमधली फट

बोलता बोलता आशाताईंनी एक गोष्ट सांगितली, ती मला कुठल्या अभ्यासात दिसली नव्हती. “आमची पोर गरोदरपणात आमच्याकडे आणि बाळंतपणाला माहेरी. तिथल्या ताईला आधीचं माहीत नसतं. सव्वा महिन्यानं परत येते तेव्हा माझ्या भेटी संपलेल्या असतात. मधली बाई कुणाच्याच वहीत नसते.”

खरेच की! आपली माहेरची चाल किती चांगली. बाईला आईचा हात मिळतो. पण त्याच चालीत ही फट आहे. बहीण सावरल्यासारखी वाटली म्हणून सव्वा महिन्याने सासरी पाठवली आणि तिथेच ती जास्त खचली.

याहून मोठी फट परतताना दिसली. नुकत्याच तुटलेल्या उसाच्या फडाशेजारी कोप्या उभ्या होत्या. बीडकडून आलेली ऊसतोड माणसे. एका कोपीपुढे कोवळी पोर तान्ह्या बाळाला घेऊन बसली होती. पहाटे उठून मोळ्या बांधायच्या, दुपारी चुलीपुढे बसायचे आणि आई कितीतरी कोस लांब. तिचे नाव गावाकडच्या ताईच्या वहीत आणि ती इथे. शेतकरी बंधूंनो, आपला ऊस तोडायला आलेली ती लेकरवाळी आपल्या बांधावर आहे. तिच्या कोपीपर्यंत आपल्या गावच्या आशाताईला घेऊन जाणे, तिला दोन दिवस मोळीवरून सोडवणे हे मुकादमाशी बोलून आपल्याला करता येते.

सांगितले

संध्याकाळी भाचीला घेऊन पाटाच्या कडेने थोडे चालले आणि सांगून टाकले. ती थांबली. म्हणाली, “मावशी, माझ्यामुळं झालं का आईला?”

हीच भीती होती. मी म्हटले, “नाही गं. तुझ्यामुळं नाही. आजार होता तो, आणि आम्हाला ओळखता आला नाही. तुझी आई तशा आजारातसुद्धा तुला रोज पाजत होती, एवढं ध्यानात ठेव.” आणि हेही सांगितले की आईला झाला म्हणून लेकीला होतोच असे नाही. पण जवळच्या नात्यात असेल तर जरा जास्त लक्ष ठेवायचे असते, म्हणूनच सांगते आहे.

ती बराच वेळ बोलली नाही. मग हळूच म्हणाली, “मलाही मधून मधून झोप लागत नाही. यांना सांगितलं नव्हतं.” त्या रात्री जावईबापूंनाही बसवून सांगितले. सगळे ऐकून ते एवढेच म्हणाले, “मग मी दर रविवारी येत जाईन. रात्री बाळ मी सांभाळीन, तिला झोपू द्या.” विहीणबाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, “माझ्या वेळी असंच झालं होतं. कुणाला सांगायचं?”

सकाळी निघताना आशाताईंनी कार्डाच्या मागे आमच्या गावच्या ताईचा फोन लिहून घेतला आणि स्वतःचा दिला. म्हणाल्या, “पोर परत आली की बेचाळीस दिवस झाले असले तरी मी येईन.”

मायबहिणींनो, दादांनो, तुमच्या घरी पाळणा हलणार असेल तर लाडू करा, हळीव आणा, शेगडीची तयारी करा. हे सगळे हवेच. त्याबरोबर एवढे करा. गरोदरपणापासूनच तिला एकटीला विचारा, “मन लागतं का गं?” उत्तर येईपर्यंत थांबा. रात्री दोन तास बाळ दुसऱ्या कुणीतरी घ्या. मुलगी झाली तर पेढे त्याच दिवशी वाटा. दोन आठवडे उलटले आणि उदासी गेली नाही तर १४४१६ ला फोन करा नाहीतर दवाखाना गाठा. आणि ग्रामसभेत एकदा उभे राहून विचारा, की आमच्या आशाताईला, आमच्या सिस्टरला हे शिकवलेले आहे का, आणि नसेल तर कधी शिकवणार?

भाचीला घेऊन घरी पोचले तेव्हा बहीण दारात उभी होती. तिने भाकरतुकडा ओवाळून टाकला, लेकीचा हात धरला आणि पंचवीस वर्षांत मी तिच्या तोंडून ऐकला नव्हता तो प्रश्न तिला विचारला, “झोप लागते का तुला?”